हिवाळ्यापुरता उसना डोंगर

मित्रांनो, मी एक जुना डोंगर आहे. घाबरू नका, खराखुरा नाही, कागदावरचा. उंची साडेचार फूट, रुंदी दोन फूट आणि वजन फार तर एखाद्या ओल्या पंचाइतके. माझ्या अंगावर तीन सुळके आहेत, एक वाकडे पाइनचे झाड आहे आणि पायथ्याशी नदी आहे. नदीकाठच्या खडकावर करंगळीच्या नखाएवढा एक माणूस पाठमोरा बसला आहे. खालच्या कोपऱ्यात चित्रकाराचा लाल शिक्का आणि बाकी सगळा कागद कोरा. ते कोरे म्हणजे धुके, पाणी आणि आभाळ. चीनमध्ये शेकडो वर्षे माझ्यासारखे डोंगर रंगवत आले आहेत. म्हातारपणी खरा डोंगर चढवत नाही, तेव्हा भिंतीवरच्या डोंगरासमोर निवांत बसावे आणि मनानेच वर जाऊन यावे, एवढ्यासाठी आमचा जन्म. थोडक्यात, शांतता हा माझा पिढीजात धंदा. पण खरे सांगतो, माझ्याइतका अस्वस्थ डोंगर तुम्हाला शोधून सापडायचा नाही.

माझा जन्मच गोंगाटात झाला. हाँगकाँगमधल्या एका खोलीत एक शाळामास्तर राहत होते. खोली एक आणि माणसे सात. मास्तरांकडे टेबल नव्हते. ते खोलीचे दार बिजागरीतून काढायचे, पलंगावर आडवे टाकायचे आणि त्यावर कागद पसरायचे. पाइनच्या काजळीची वडी दगडावर पाणी घालून उगाळायचे, तुमच्याकडे चंदन उगाळतात तशी. त्या काळ्या पाण्यातून मी उतरलो. शेजारी कोणी भांडत होते, कोणी तळत होते, कोणी पाढे म्हणत होते. मास्तर तिसऱ्या सुळक्याची रेघ ओढत असताना पलंगाखाली त्यांची आठ वर्षांची मुलगी भावाशी मारामारी करत होती. तिची लाथ खालून पलंगाला बसली, वरचे दार हलले आणि माझी रेघ भलतीकडेच गेली.

मी मनात म्हटले, संपले. आता मला चुरगाळून टाकणार. मास्तर बराच वेळ त्या वेड्यावाकड्या रेघेकडे पाहत राहिले. मग त्यांनी तिला चार फांद्या काढल्या, सुया काढल्या आणि तिचे झाड करून टाकले. शेवटी खडकावर तो माणूस काढला. पलंगाखालून बाहेर आलेल्या मुलीने विचारले, हा कोण? मास्तर म्हणाले, "मी. इथे मला कोणी हाक मारत नाही."

मास्तरांनी आणखी पुष्कळ डोंगर रंगवले. पण एका वर्षी त्या इमारतीला आग लागली आणि सगळे गेले. मुलीने काखोटीला मारून जिन्यावरून खाली आणलेला मी एकटा वाचलो. आज ती मुलगी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. टोरोंटोच्या स्कारबरो भागात एकटी राहते, आणि तिचे नाव लाउबाई. म्हणजे तिला लाउबाई म्हणणारे एकच घर आहे. त्या घरापायी माझ्यावर जे गुदरले, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

आम्हा गुंडाळीच्या चित्रांची एक रीत असते. आम्ही बारा महिने भिंतीवर राहत नाही. मी हिवाळ्याचे चित्र. लाउबाई दर हिवाळ्यात मला दोन आठवडे बाहेर काढत, समोर खुर्ची टाकून बसत, आणि मग गुंडाळून लांबोळ्या पेटीत ठेवून देत. कागदालाही विश्रांती लागते. अशी माझी चाळीस वर्षे बरी गेली. बरी म्हणजे काय, पेटीत पडलो की बाहेर यावेसे वाटायचे आणि बाहेर आलो की पेटीची आठवण यायची. स्वभावाला औषध नसते.

लाउबाईंचे घर शेजारच्या घराला चिकटलेले आहे. दोन्ही घरांमधली भिंत एकच. पलीकडे नागपूरचे स्वानंद आणि सुनेत्रा राहतात. दोघेही आयटीत. त्यांची अकरा वर्षांची मुलगी केया, मराठी सगळे समजते पण उत्तर इंग्रजीतून देते. आणि ऑक्टोबरपासून स्वानंदच्या आई, प्रमोदिनीबाई. वय अडुसष्ट. नागपूरला पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, एकेका वर्गात पन्नास पोरे. त्याआधीच्या माघात त्यांचे यजमान बळवंतराव गेले. सात-आठ महिने त्या तिकडे एकट्या राहिल्या आणि मग मुलाने त्यांना इकडे आणले.

डिसेंबरात लाउबाई मुलाकडे कॅल्गरीला निघाल्या. आदल्या हिवाळ्यात स्वानंदने त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ कोणी न सांगता उपसून दिला होता. कोणाचे उपकार अंगावर ठेवायचे हे लाउबाईंच्या रक्तात नाही. त्या मला पेटीसकट घेऊन शेजारच्या दारात उभ्या राहिल्या.

"विंटर पिक्चर," त्या म्हणाल्या. "यू हँग टू वीक. देन रोल, देन रेस्ट. मार्च, आय टेक बॅक."

सुनेत्राच्या कानाला हेडसेट होता, मीटिंग चालू होती. तिने हात जोडले, "शुअर, शुअर, सो स्वीट ऑफ यू!" म्हटले आणि पेटी आत घेतली. मार्च तेवढा तिच्या लक्षात राहिला. दोन आठवडे वाऱ्यावर गेले.

संध्याकाळी स्वानंदने बैठकीच्या खोलीत खिळा ठोकला आणि मला चढवले. मराठी घरात खिळ्यावर चढलेली तसबीर दिवाळीच्या साफसफाईशिवाय खाली उतरत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्यातून नेमका माझ्या पायाखाली हीटिंगचा व्हेंट. दर वीस मिनिटांनी फर्नेस घरघरायची, गरम झोत वर यायचा आणि मी हलायला लागायचो. माझ्या खालच्या टोकाला लाकडी दांडी आहे. ती भिंतीवर आपटायची. टक, टक, टक. ध्यानाला बसण्यासाठी काढलेला डोंगर मी, आणि दिवसभर दारावर उभ्या असलेल्या कुरिअरवाल्यासारखा टकटक करत होतो. माझे मलाच लाजिरवाणे वाटायचे.

प्रमोदिनीबाईंनी पहिल्या दिवशी चष्मा पुसून माझी तपासणी केली.

"अर्धा कागद तर कोराच सोडून राहिला हा," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गात कोणी असं चित्र दिलं असतं तर परत पाठवलं असतं. पूर्ण करून आण म्हणून."

"आजी, दॅट्स मिस्ट," केया म्हणाली.

"काहीच न काढणं म्हणजे मिस्ट होय? मग बरंय बाप्पा!"

मला राग आला. पण हळूहळू माझ्या लक्षात आले की त्या बाईंचा राग माझ्या कोऱ्या कागदावर नव्हता. सकाळी आठला केया शाळेत जायची, स्वानंद ऑफिसला जायचा, सुनेत्रा बेसमेंटमध्ये जाऊन दार लावून घ्यायची. मग बाई उरायच्या आणि बाहेर बर्फ. ज्यांच्या कानाला पन्नास पोरांचा कलकलाट सवयीचा, त्यांना ही शांतता खायला उठायची. त्या स्वयंपाकघरातून खिडकीशी जायच्या, खिडकीपासून स्वयंपाकघरात यायच्या. पुन्हा खिडकी. नागपूरला फोन करावा तर तिथे सगळे झोपायच्या तयारीत. भिंतीवर माझी टकटक आणि जमिनीवर त्यांची येरझार. दोघांनाही एका जागी चैन नव्हते.

जानेवारीतल्या एका दुपारी त्या चहाचा कप घेऊन माझ्यासमोरून जाताना एकदम थांबल्या. खडकावरच्या माणसाकडे पाहिले. जवळ आल्या.

"असेच बसायचे हे," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलू लागल्या. म्हणजे माझ्याशी नाही, त्या माणसाशी. त्यातून मला कळले की बळवंतराव मितभाषी होते. रविवारी संध्याकाळी दोघे फुटाळा तलावावर जायचे. बळवंतराव काठाच्या कट्ट्यावर पाण्याकडे तोंड करून बसायचे आणि गप्प व्हायचे. बाईंना तो गप्पपणा सहन व्हायचा नाही. दहा मिनिटे झाली की त्या हाक मारायच्या.

"अहो, चला ना, किती वेळ? असं म्हणायची मी," त्यांनी एकदा त्या पाठमोऱ्या माणसाला सांगितले. "एकदाही नाही म्हणाले नाहीत तुम्ही. उठायचे, पँट झटकायचे आणि चालायला लागायचे. मला वाटायचं, माझ्याशी बोलायचं नाही म्हणून तिकडे तोंड करून बसता. एकदा तरी पुरतं बसू द्यायला पाहिजे होतं मी तुम्हाला."

आणि त्या रडल्या. माझ्यासमोर आजवर कोणी रडले नव्हते. काय करावे कळेना. मी आपला टकटक करत राहिलो.

फेब्रुवारीत बळवंतरावांचे वर्षश्राद्ध आले. स्वानंदने सकाळची सुटी घेतली होती, केयालाही शाळेत पाठवले नव्हते. नागपूरचे भटजी तिकडे रात्रीच्या जेवणाआधी लॅपटॉपसमोर बसले. पाट मांडला, दर्भ, तीळ, सगळे ब्रॅम्पटनच्या दुकानातून आले होते. सगळे होते, फक्त फोटो नव्हता. बळवंतरावांच्या तसबिरीची काच बॅगेत फुटली होती. "नेक्स्ट वीकेंडला नक्की फ्रेम करून आणतो," असे स्वानंद चार महिने म्हणत होता, आणि फोटो अजून त्याच्या गाडीच्या डिकीत होता. गाडी सर्व्हिसिंगला.

"आता फोटोला गंधफूल वाहा," भटजी म्हणाले.

स्वानंदने ओशाळून आपल्या फोनमधला वडिलांचा फोटो उघडला आणि फोन पाटावर उभा केला. बाईंनी अष्टगंधात बोट बुडवले. तेवढ्यात फोनचा पडदा काळा झाला. स्वानंदने तो परत उजळवला. बाईंनी बोट पुढे केले आणि पडदा पुन्हा काळा झाला. नवऱ्याचा चेहरा असा दोनदा विझलेला पाहून बाईंना राहवेना. त्या उठल्या, माझ्यासमोर आल्या आणि ओले अष्टगंध त्यांनी खडकावर बसलेल्या माणसाला लावले. वर एक झेंडूची पाकळी टेकवली आणि डोळे मिटून हात जोडले.

मित्रांनो, त्यांच्या हातात भक्ती होती, हे मी शपथेवर सांगेन. पण माझा कागद फार तहानलेला असतो. ओले टेकले की पिऊन टाकतो. मसुरीच्या दाण्याएवढे गंध बघता बघता चिंचोक्याएवढे झाले. केशरी डाग माणसाच्या पाठीवरून खडकावर आणि खडकावरून नदीत उतरला.

"आजी! डोन्ट!" केया किंचाळली. "यू कान्ट टच इट! इट्स नॉट अवर्स!"

बाईंनी डोळे उघडले. आपण काय केले हे त्यांना त्या क्षणी कळले. आणि मग त्यांनी खरी चूक केली. वातींचा कापूस पाण्यात बुडवून त्या डाग पुसायला लागल्या. पुसला तसा कागद भिजला, भिजला तशी त्याची लव उठली, आणि लवेबरोबर माणसाच्या पाठीची शाई फिकी होऊ लागली. सुनेत्राने धावत येऊन त्यांचा हात धरला. भटजी लॅपटॉपमधून "काय झालं, काय झालं?" विचारत होते.

तेव्हापासून त्या घरात एकच प्रश्न होता. मार्चमध्ये लाउबाईंना काय सांगायचे?

"आई, तिला कळणारही नाही," सुनेत्रा म्हणाली. "खाली तो लाल शिक्का आहेच ना? त्यातलंच काहीतरी वाटेल."

"मी ऑनलाइन कोणी एक्सपर्ट बघतो," स्वानंद म्हणाला. त्याचे बघणे फ्रेमसारखेच होते.

बाईंनी मात्र ग्रोसरीच्या जाहिरातीच्या कोऱ्या कडेवर सुवाच्य अक्षरात इंग्रजी वाक्ये लिहून काढली आणि येरझारा घालत पाठ करू लागल्या. आय हॅव डॅमेज्ड युअर पिक्चर. आय अॅम व्हेरी सॉरी. इट वॉज माय मिस्टेक. पस्तीस वर्षे ज्यांनी पोरांकडून पाठांतर करून घेतले, त्या आता स्वतः घोकत होत्या. आणि मी वर टांगलेला, फिकट पाठीच्या माणसाला सांभाळत, मार्च येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून होतो.

मार्च आला. लाउबाई कॅल्गरीहून आल्या आणि दुसऱ्याच दिवशी दारात उभ्या राहिल्या. मला अजून भिंतीवर पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्या जवळ आल्या आणि त्यांना डाग दिसला. पाठ केलेले एकही वाक्य प्रमोदिनीबाईंना आठवले नाही.

"यू टच?" लाउबाईंनी विचारले.

"येस. आय. मी." बाईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "केया, तू सांग गं त्यांना."

"व्हाय? व्हाय वॉटर?"

"माय हजबंड," बाई माणसाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "सिटिंग. लाइक धिस. माय हजबंड."

"नॉट युअर हजबंड," लाउबाई म्हणाल्या. "माय फादर."

त्यांनी मला खिळ्यावरून उतरवले, गुंडाळले, पेटीत घातले आणि घरी नेले. दार लागल्याचा आवाज मी पेटीतून ऐकला.

आता ऐका माझी गंमत. आयुष्यभर एकांत एकांत म्हणून टिमकी वाजवणारा मी, मला अखेर एकांत मिळाला. अंधारी पेटी, कापराचा वास, कोणी बोलणारे नाही, खालून झोत नाही. आणि मला तो मिनिटभरही सोसवेना. तो माणूस अजून आहे की पुसला गेला, हेही मला गुंडाळलेल्या स्थितीत कळेना. भिंतीपलीकडून प्रमोदिनीबाईंच्या येरझारा ऐकू यायच्या. स्वयंपाकघर, खिडकी, स्वयंपाकघर. लाउबाईही ऐकत असणार, कारण त्यांची खुर्ची त्या भिंतीलाच लागून होती.

एके दिवशी लाउबाई मला मार्कहॅमला एका म्हाताऱ्या कारागिराकडे घेऊन गेल्या. अशी चित्रे दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. त्याने भिंग लावून पाहिले. माणूस होता! फिका, पण होता. कारागीर म्हणाला, डाग धुऊन निघेल. पण त्या जागी कागद घासून पातळ झाला आहे. धुताना माणूस राहीलच असे मी सांगू शकत नाही. धुवायचे की नाही, शुक्रवारपर्यंत कळवा.

लाउबाई घरी आल्या आणि पेटी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. बुधवार गेला. गुरुवारी दुपारी पलीकडच्या येरझारा थांबल्या. अर्धा तास झाला, तास झाला, पाऊल वाजेना. लाउबाईंनी भिंतीला कान लावला. मग काळजी वाटून त्या पेटीसकट उठल्या आणि शेजारी गेल्या.

केयाला मार्चची सुटी होती, तिने दार उघडले. आत प्रमोदिनीबाई माझ्या रिकाम्या खिळ्यासमोर खुर्ची टाकून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. भिंतीवर काहीही नव्हते. कोरी भिंत.

"शी'ज बीन लाइक धिस सिन्स लंच," केया हळूच म्हणाली.

लाउबाईंनी मला पेटीतून काढले आणि त्याच खिळ्यावर चढवले. मग त्यांनी पाइनच्या झाडावर बोट ठेवले. आपण आठ वर्षांच्या असताना मारलेल्या लाथेची गोष्ट त्यांनी तुटक इंग्रजीत सांगितली आणि केयाने ती आजीला मराठीत सांगितली, अडखळत, पण पुरी. वडील त्या रेघेकडे कसे पाहत राहिले, तेही सांगितले. मग लाउबाईंनी कारागिराचे म्हणणे सांगितले आणि डागाकडे बोट केले.

"वॉश?" त्यांनी विचारले. "ऑर नो वॉश? टुमॉरो, आय टेल हिम. आय कॅनॉट डिसाइड. यू से."

बाईंचा चेहरा मी इतक्या जवळून पाहत होतो. डाग गेला असता तर त्यांची चूक गेली असती. शेजारणीपुढे मान वर करून चालता आले असते. त्यांना तो डाग जायला हवाच होता, किती हवा होता! त्या डागाकडे पाहत राहिल्या, मग माणसाच्या फिक्या पाठीकडे. फर्नेस घरघरली, झोत आला, माझी दांडी टकटकायला लागली.

"नको," बाई म्हणाल्या. "डाग दिसू दे. लोक विचारतील तर सांगेन मी, माझ्या हातून झालं म्हणून. पण आता त्यांना परत उठवू नका. बसलेत ना? बसू द्या."

केयाने भाषांतर केले. "शी सेज, नो वॉश. शी सेज, लेट हिम सिट."

लाउबाईंनी होकारार्थी मान डोलावली. त्यांनी वाकून चपलेच्या टोकाने खालच्या व्हेंटची झडप बंद केली. माझी टकटक थांबली. मग त्यांनी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढून आणली आणि प्रमोदिनीबाईंच्या शेजारी बसल्या. दोघीही माझ्याकडे पाहत राहिल्या.

"व्हॉट आर यू गाइज वेटिंग फॉर?" केयाने विचारले. मग तीही फरशीवर मांडी घालून बसली.

आता उन्हाळा आहे आणि मी पेटीत आहे. सवयीप्रमाणे तळमळतो आहे. हिवाळा आला की एक आठवडा भिंतीच्या या बाजूला आणि एक आठवडा त्या बाजूला, असे दोघींचे ठरले आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असला तर त्याला हीटरवर टांगू नका, ओला हात लावू नका, आणि वेळ झाली की त्याला विश्रांती द्या. हे तर झालेच. पण तुमच्या घरातलेही कोणीतरी खिडकीशी, गॅलरीत, पाण्याच्या काठावर तुमच्याकडे पाठ करून बसत असेल. त्याला तुमचा राग आलेला नसतो. तो थोडा वेळ डोंगरात गेलेला असतो. जेवण गार होत असले तरी होऊ दे. हाक मारू नका, तो आपणहून उठेपर्यंत त्याला पुरता बसू द्या.